सुतोवाच करणे म्हणजे नेमके काय करणे?

तिठ्यावरचा | शुक्रवार, रात्री ९.४०

मंडळी, एका शब्दावरून आमच्या घरात दोन दिवस अबोला आहे, म्हणून हा धागा.

पुतणीसाठी एक स्थळ डोळ्यांसमोर होतं. माणसं लांबच्या ओळखीतली, एकदम फोन करणं बरं दिसेना. आमचे दादा (चुलतभाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे) मुलाच्या मामांच्या शेजारी राहतात. त्यांना म्हटलं, "दादा, तुम्ही फक्त सुतोवाच करा, पुढचं आम्ही बघतो." दादा गेले. चहा झाला. आणि दादांनी बसल्या बैठकीला पत्रिका काढून दिली, पुतणीचा पगार सांगितला, मे महिन्यात कुठलं कार्यालय मिळू शकेल ते सांगितलं आणि "खर्च निम्मानिम्मा" इथपर्यंत गाडी नेऊन उभी केली. मी कपाळाला हात लावला. दादांचं म्हणणं, "सुतोवाच म्हणजे सुरुवात. मी सुरुवात केली. जरा दणक्यात झाली एवढंच." बायकोचं म्हणणं, सुतोवाच म्हणजे नुसता इशारा, नाव-गाव न घेता. माझ्या मनात या दोन्हींच्या मधलं काहीतरी होतं, पण ते काय, हे मलाच धड सांगता येईना.

त्यात दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा, "भाडेवाढीचे सुतोवाच". खाली किती टक्के तेही छापलेलं. दादांनी कात्रण घरच्या ग्रुपवर टाकलं, खाली लिहिलं, "आकड्यासकट आहे. वाचणे."

तर सुतोवाच म्हणजे इशारा, सुरुवात की घोषणा? आणि हे 'सुत' कुठलं?


एकओळी | शुक्रवार, रात्री ९.५२

सूतोवाच = संकेत देणे. धागा बंद करा.


रंकाळ्याकाठी | शुक्रवार, रात्री १०.०५

दादांना आमच्याकडं पाठवा. माझं तीन वर्षं नुसतं सुतोवाचच चाललंय, गाडी कार्यालयापर्यंत जाईना.

बाकी शब्दाचं म्हणाल तर सोपं आहे की. सूत म्हणजे दोरा. दोऱ्याचं टोक सापडलं की गुंडी उलगडते. कुणाचं कुणाशी सूत जमतं, तेच सूत. म्हणून लग्नाच्या बोलण्याला सुतोवाच.


काटेकोर | शुक्रवार, रात्री १०.३१

दीर्घ. सूतोवाच. सू. शीर्षकात आणि मजकुरात मिळून सहा वेळा ऱ्हस्व झालं आहे.


दौतटाक | शुक्रवार, रात्री ११.१८

रंकाळ्याकाठी, कल्पना गोड आहे, पण दोरा इथे नाही. (धाग्यावर बसून सुताची चर्चा करतोय म्हणून तसं वाटणं साहजिक आहे.) सूत म्हणजे दोरा हा शब्द 'सूत्र'वरून आला. सूतोवाचातला सूत हा माणूस आहे.

घरी सत्यनारायण झाला असेल तर तुम्ही त्याला भेटला आहात. पोथीत मधूनमधून गुरुजी "सूत उवाच" म्हणतात ना, तोच. सूत म्हणजे रथ हाकणारा आणि राजांच्या वंशावळी, पराक्रम तोंडपाठ ठेवून सांगणारा. कर्णाला सूतपुत्र म्हणून हिणवलं ते याच अर्थाने, अधिरथ सूत होता म्हणून. पुराणं सांगणारा सूत म्हणजे रोमहर्षण, लोमहर्षण असंही म्हणतात. त्याची कथा ऐकताना अंगावर काटा यायचा म्हणून ते नाव, अशी व्युत्पत्ती देतात. त्याचा मुलगा उग्रश्रवा, म्हणून तो सौती. नैमिषारण्यात कुलपती शौनकांचं बारा वर्षांचं सत्र (लांब चालणारा यज्ञ) चालू होतं, तिथे हा सौती आला आणि त्याने महाभारत सांगितलं. हे नैमिषारण्य आजच्या उत्तर प्रदेशात, सीतापूर जिल्ह्यात दाखवतात. भागवतही तिथेच, सूताच्याच तोंडून. शुकाने परीक्षिताला जे सांगितलं ते सूत ऋषींना सांगतो.

"सूत उवाच" म्हणजे "सूत म्हणाला". पोथीत हे दोन शब्द आले की श्रोते सरसावून बसायचे, आता कथा सुरू. त्यावरून मराठीत सूतोवाच म्हणजे कथेला, विषयाला तोंड फोडणं.

आणि सूत्रधाराचाही याच्याशी संबंध नाही. तो 'सूत्र'वाला. नाटकात नांदीनंतर येतो तो सूत्रधार, पुराणात कथा सांगतो तो सूत. दोघे रोज एकाच वेळी कामाला लागतात म्हणून लोक त्यांना भाऊ समजतात.


तिठ्यावरचा | शुक्रवार, रात्री ११.२६

वा! म्हणजे तोंड फोडणं. दादा जिंकले की काय?


दौतटाक | शनिवार, सकाळी ७.०४

घाई नको. आणखी एक गंमत. संस्कृत व्याकरणाने 'सूतोवाच' हा शब्द होतच नाही. सूतः + उवाच. इथे विसर्गाचा लोप होतो आणि उरतं 'सूत उवाच'. लोप झाल्यावर अ आणि उ समोरासमोर आले तरी त्यांचा पुन्हा संधी करत नाहीत. म्हणून पोथीत कुठेही बघा, 'सूत उवाच', 'ऋषय ऊचुः', 'अर्जुन उवाच', सगळे सुटे. 'अर्जुनोवाच' कुणी म्हणत नाही. आपण मराठी माणसांनी संधीवर संधी करून दोन शब्दांचा एक केला, क्रियापदाचं नाम केलं, त्याला नपुंसकलिंग दिलं आणि पुढे 'करणे' जोडलं. 'म्हणाला' या क्रियापदाचं 'केले' झालं. भाषेचे कारागीर असे असतात.

मनःकामनेची मनोकामना केली तीच ही मंडळी.


काटेकोर | शनिवार, सकाळी ७.४०

म्हणजे शब्द मराठी ठरला. मग काही जण म्हणतील, मराठी आहे तर ऱ्हस्व चालेल. चालणार नाही. साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा नियम आणि १९७२ला जोडलेले चार, त्यांत तत्सम (संस्कृतातून जसाच्या तसा आलेल्या) शब्दाचे इकार-उकार मुळाबरहुकूम ठेवायचे असं स्पष्ट आहे. सूत (माणूस) तत्सम, म्हणून सू दीर्घ.

हाच नियम पुढे नेला तर दोरा आणि माणूस विभक्तीत वेगळे होतात, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. दोऱ्याला: सूत, सुताने, सुताचा. फूल, फुलाने, फुलाचा तसंच. माणसाला: सूत, सूताने, सूताचा. तत्सम शब्दाचा उपान्त्य (शेवटून दुसरा) दीर्घ हलत नाही. 'सुताने सांगितले' असं लिहिलंत तर चरख्यावरचं सूत बोललं असा अर्थ होईल.

'सुतोवाच' पेपरांत सर्रास दिसतं. सर्रास दिसतं म्हणून बरोबर नाही.


सातासमुद्रापार | शनिवार, सकाळी ८.१५

न्यू जर्सीहून. मंडळाच्या सभेचं इतिवृत्त मी लिहितो. गेल्या खेपेला 'अध्यक्षांनी वर्गणीवाढीचे सूतोवाच केले' लिहायला घेतलं, तर फोन 'सुतार' सुचवू लागला, आणि ते तसंच गेलं. वर्गणीवाढीचे सुतार. कुणीही चूक दाखवली नाही. हरकत वर्गणीवाढीला मात्र घेतली.


रात्रपाळी | शनिवार, दुपारी १.५०

आता उठलो, आता वाचतोय. पेपरवाल्यांवर शेकणार हे दिसतंय, म्हणून आधीच हजर होतो. बरीच वर्षं पहिल्या पानाचे मथळे देतोय.

आमच्याकडे 'घोषणा', 'संकेत' आणि 'सूतोवाच' हे तीन डबे आहेत आणि ते मुकाट्याने पाळले जातात. घोषणा कधी? तारीख, रक्कम, आदेश यांतलं निदान एक तरी हातात आहे आणि मागे सरकायला जागा नाही तेव्हा. संकेत कधी? कुणी बोललेलं नाही, पण हालचालींवरून दिसतंय. दिल्लीला तातडीने बोलावणं, बंगल्यावर रात्री गाड्या, म्हणजे 'विस्ताराचे संकेत'. आणि सूतोवाच? मंत्री एखाद्या सत्काराला गेले, नारळ-शाल झाली, भाषणाच्या ओघात बोलून गेले की लवकरच दर वाढवावे लागतील. फाईल हललेली नाही, खात्याला पत्ता नाही. पण माणूस बोललाय आणि बोलण्याचा त्याला अधिकार आहे. हे सूतोवाच.

वार्ताहरासाठी हा शब्द कवच आहे. घोषणा म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी खुलासा आला तर आमचं तोंड काळं. सूतोवाच म्हटलं तर खुलासा आला तरी बातमी उभी. साहेब म्हणाले होते खरे, पुढे काही केलं नाही ही त्यांची मर्जी. राजकारण्यांनाही हे ठाऊक असतं, म्हणून ते असं बोलतात. लोक किती ओरडतात ते पाहायचं आणि मग ठरवायचं.

दादांच्या कात्रणात आकडा आहे तरी सूतोवाच का, याचं उत्तर इथे आहे. आकडा असो वा नसो, माघार घ्यायला वाट आहे का ते बघा. दादांनी मामांकडे माघारीला वाट ठेवली होती का, हा तुमचा खरा प्रश्न.


वरमाई | शनिवार, दुपारी ३.२०

रात्रपाळी यांचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. मी गेली पंचवीस-तीस वर्षं घरच्या घरी लग्नं जुळवत आले. पैसे घेत नाही, ज्याच्या घरी जाते त्यांच्याकडे लाडू खाते. या कामात एकेका शब्दाचं वजन किती ते सांगते, म्हणजे तुमच्या दादांचं कुठे चुकलं ते कळेल.

पहिलं, कानावर घालणे. "वहिनी, आमच्या ओळखीत एक मुलगी आहे हो, पोस्टात लागलीय." बस. उत्तर मागायचं नाही, थांबायचं नाही, लगेच भाजीच्या भावावर यायचं. वहिनी चार दिवसांनी आपणहून विचारतील तर विचारतील.

दुसरं, खडा टाकणे. पाणी किती खोल आहे ते बघायला. खडा टाकणारा आपला हात लपवतो. "यंदा करायचंय का हो मुलाचं, की अजून शिकणार म्हणतोय?" आपण कुणासाठी विचारतोय ते सांगायचं नाही.

तिसरं, शब्द टाकणे. हे महाग. इथे मधला माणूस स्वतःची पत खर्चतो. "माझ्यासाठी एकदा मुलगी बघा." समोरच्याने नाही म्हटलं तर मुलीचं काही जात नाही, माझं जातं. म्हणून शब्द उठसूट टाकत नाहीत. आयुष्यात मी पाच-सहाच टाकलेत आणि एक वाया गेलाय, तो अजून सलतो.

चौथं, विषय काढणे. आता बसायचंच त्यासाठी. होय-नाही काहीतरी ऐकूनच उठायचं.

आणि सगळ्यात शेवटी मागणी घालणे. ते थोरामोठ्यांनी, नीट कपडे करून.

सूतोवाच यात कुठे बसतं? माझ्या मते कानावर घालणे आणि विषय काढणे यांच्या मधे. नाव घ्यायचं, म्हणजे खड्यासारखं लपायचं नाही. पण तपशील सांगायचा नाही, कारण तो सांगायला मागून घरचे येणार आहेत. सूतोवाच करणाऱ्याने आपल्यामागे बोलायला कुणीतरी आहे हे दाखवायचं आणि त्याच्यासाठी जागा सोडायची. दादांनी चहाच्या एका कपात खडा, शब्द, विषय, मागणी आणि याद्यासुद्धा उरकल्या. आता तुम्ही जाऊन काय बोलणार? हवापाण्यावर?

तुमच्या बायकोचंही पूर्ण बरोबर नाही. नाव-गाव न घेता करतात तो खडा, ते सूतोवाच नाही.


एकओळी | शनिवार, दुपारी ३.२८

आणि पुडी सोडणे?


वरमाई | शनिवार, दुपारी ३.४१

ती पेपरात सोडतात.


रात्रपाळी | शनिवार, दुपारी ३.४३

नोंद घेतली. पण बारकावा: पुडी सोडणाऱ्याचं नाव छापत नाहीत, सूतोवाच करणाऱ्याचं फोटोसकट छापतात.


मोडीवाचक | शनिवार, सायंकाळी ६.१०

वरमाईंची उतरंड वाचून राहवलं नाही. राज्याराज्यांतही हीच उतरंड होती, फक्त लाडवांऐवजी वस्त्रं मिळायची.

जुन्या कागदांत समोरच्याकडे पहिलं बोलणं न्यायचं तर 'बोलणें लाविलें' असं येतं. शत्रूच्या गोटातल्या माणसाशी गुपचूप पहिला संपर्क साधला तर 'संधान बांधलें'. आणि गमतीचा शब्द म्हणजे 'राजकारण'. आज त्याचा अर्थ निवडणुका आणि पक्ष असा झालाय. तेव्हा 'अमक्याकडे राजकारण लाविलें' म्हणजे त्याच्याशी आतून बोलणी चालू केली, त्याला फोडायचा किंवा वळवायचा घाट घातला. जो हे बोलणं घेऊन जायचा तो हेजीब किंवा वकील. कोर्टातला नव्हे, दूत या अर्थी वकील.

सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण १६५९चं. अफजलखानाने वाईहून आधी कृष्णाजी भास्कराला वकील म्हणून महाराजांकडे पाठवलं. महाराजांनी उलट पंताजी गोपीनाथांना खानाकडे धाडलं. १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी भेट झाली, त्याआधी हे बोलणं किती काळजीने विणलं होतं ते पाहण्यासारखं आहे. पंताजींचं काम दुहेरी होतं. एक बोलायचं आणि दुसरं डोळे उघडे ठेवून पाहायचं. पहिल्या बोलण्याला जाणारा माणूस कानाने अर्धं काम करतो. दादांनी पंताजींच्या जागी जाऊन खानाला गडाच्या किल्ल्याच दिल्या असत्या असं वाटतं. (दादा, रागावू नका.)

१६६५ला पुरंदरच्या वेढ्यातही तसंच. महाराज स्वतः मिर्झाराजांना भेटण्याआधी रघुनाथपंत पंडित जाऊन-येऊन होते.


रंकाळ्याकाठी | शनिवार, सायंकाळी ६.३०

खानाकडं कार्यालयाचा खर्च निम्मानिम्मा ठरला असता तर इतिहास येगळाच झाला असता.


पेडण्याहून | शनिवार, रात्री ८.०२

गोव्याच्या टोकावरून एक भर. आमच्याकडे आणि पलीकडे सिंधुदुर्गात कुठल्याही कामाला हात घालण्याआधी गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं म्हणजे इथे तक्रार नव्हे हो, देवाला केलेली विनवणी. एक जाणता माणूस देवासमोर नारळ धरून सांगतो, अमका बाबा अमक्या कामाला निघालाय, त्याच्या आड येणारं सगळं दूर कर. आणि दर वाक्याला बाकीचे म्हणतात, "व्हय म्हाराजा!" ज्याचं काम आहे तो गप्प उभा असतो, बोलतो दुसराच. सूतोवाचाची हीच खूण नाही का? आपल्या कामाची पहिली वाच्यता दुसऱ्याच्या तोंडून.

दशावतारातही मुख्य आख्यानाआधी आडदशावतार होतो, संकासुर वगैरे येऊन जातो. नमनाला घडाभर तेल लागतं ते असंच. मशालीच्या उजेडात चालायचं सगळं, तेव्हा तेल नमनातच संपलं तर आख्यान अंधारात.


काटेकोर | शनिवार, रात्री ८.२०

नमन, नांदी, श्रीगणेशा, ओनामा, मुहूर्तमेढ, बोहनी हे सगळे आरंभाचे शब्द एका पिशवीत कोंबू नयेत. ओनामा 'ॐ नमः सिद्धम्' वरून, पाटीवर पहिलं अक्षर काढताना म्हणायचा, तो शिकण्याचा आरंभ. बोहनी दुकानाची. मुहूर्तमेढ मांडवाची, ती रोवतात. यांत काम प्रत्यक्ष सुरू होतं. सूतोवाचात काम सुरू होत नाही, कामाचं बोलणं सुरू होतं. 'मेट्रोच्या कामाचे सूतोवाच झाले' या वाक्यावरून खड्डा खणलाय असं कुणी समजू नये.


दौतटाक | शनिवार, रात्री १०.५५

काटेकोर यांनी फार नेमकं बोट ठेवलं. शब्दाच्या पोटात 'उवाच' आहे. बोलल्याशिवाय सूतोवाच नाही. म्हणून 'काळ्या ढगांनी पावसाचे सूतोवाच केले' हे मला खटकतं. ढगांनी चाहूल द्यावी, वर्दी द्यावी, त्यांना वाचा कुठली. 'या पराभवाने घसरणीचे सूतोवाच केले' हेही तसंच, तिथे नांदी चालेल. (नांदीचं मूळ मंगल आहे, 'विनाशाची नांदी' ऐकून अण्णासाहेब किर्लोस्करांना काय वाटलं असतं कोण जाणे. १८८०च्या ३१ ऑक्टोबरला पुण्यात 'पंचतुंड नररुंडमालधर' म्हणत त्यांनी शाकुंतलाला आरंभ केला तो प्रेक्षकांचं भलं चिंतून.)

पण काल रात्री अंथरुणावर पडल्यावर एक गोष्ट डोक्यात आली आणि झोप उडाली. आपण सगळे म्हणतोय की सूत बोलला आणि कथेला सुरुवात झाली. पण पोथी उघडून पाहा. सूत आपणहून कधीच तोंड उघडत नाही!

महाभारतात सौती येतो, ऋषींना हात जोडतो, त्यांचं तप नीट चाललंय ना विचारतो, दाखवलेल्या आसनावर बसतो. मग ऋषींपैकी एक जण विचारतो, कुठून आलास, इतके दिवस कुठे होतास? त्यानंतर तो बोलतो. सत्यनारायणाच्या पोथीतही तेच. शौनकादी ऋषी आधी विचारतात, कुठल्या व्रताने इच्छित फळ मिळतं ते सांगा. मग "सूत उवाच". आणि सूत तरी काय सांगतो? हेच नारदाने कमलापतीला विचारलं होतं, त्याने जे सांगितलं ते ऐका. म्हणजे तिथेही आधी प्रश्न.

तर खरं म्हटलं तर आरंभ 'ऋषय ऊचुः'चा, म्हणजे 'ऋषी म्हणाले'चा. सूतोवाच हे दुसरं वाक्य आहे, पहिलं नव्हे. विचारल्यावर सांगायला लागणं. मराठीत येताना हे पार उलटलं आणि कुणी विचारलेलं नसताना विषय काढणाऱ्याला आपण सूताच्या जागी बसवलं.


मोडीवाचक | शनिवार, रात्री ११.२०

जबरदस्त. पण थांबा, एक सूत न विचारता गेलेला आहे. उद्योगपर्वातला संजय!

गवल्गणाचा मुलगा, जातीने सूतच. कृष्णशिष्टाई सगळ्यांना ठाऊक असते, पण कृष्ण हस्तिनापूरला गेला तो शेवटी. आधी पांडवांच्या बाजूने द्रुपदाचा पुरोहित कौरवांकडे गेला. त्यावर धृतराष्ट्राने संजयाला पांडवांकडे धाडलं. हे खरंखुरं सूताचं सूतोवाच. संजय काय घेऊन गेला? काहीच नाही. कुशल विचारलं, युद्ध वाईट, शांतता बरी, तुम्ही धर्मात्मे आहात, एवढंच. राज्यातलं किती देणार याबद्दल अवाक्षर नाही. आणि परत निघताना त्याच्या हाती काय आलं बघा. युधिष्ठिराने आपलं मागणं खाली आणलं, निदान पाच गावं तरी द्या म्हणाला. रिकाम्या हाताने गेलेला माणूस समोरच्याचा शेवटचा आकडा घेऊन आला.

दादा उलट करून आले. आपला आकडा तिथे ठेवून रिकाम्या हाताने परत.


रात्रपाळी | रविवार, पहाटे २.३०

पान सोडून वाचतोय. संजयाचं उदाहरण मंत्रालयाच्या दारावर लावावं असं आहे.

दौतटाक सर, तुमच्या मुद्द्यावर मात्र थोडं भांडतो. मंत्र्यांचं सूतोवाचसुद्धा पुष्कळदा विचारल्यावरच होतं. कार्यक्रम संपला की आम्हीच माईक पुढे करतो, "साहेब, दरवाढ होणार का?" साहेब म्हणतात, "विचार चालू आहे." मथळा सूतोवाचाचा. ऋषी आम्ही. फक्त नैमिषारण्यात शौनक बारा वर्षं बसून होते, आम्हाला साडेसातच्या आत बातमी द्यावी लागते.


वरमाई | रविवार, सकाळी ९.१५

मला ती सूताची गोष्ट पटली, आणि माझ्या कामात ती लागूही पडते. चांगलं सूतोवाच तेच, जे समोरच्याकडून प्रश्न काढून घेतं. आपण नाव उच्चारायचं आणि गप्प बसायचं. "असं का? काय करते मुलगी?" हे मामांनी विचारायला हवं होतं. विचारलं की पुढचं सांगायला आपण मोकळे, आणि मग ते लादल्यासारखं होत नाही. दादांनी मामांना विचारायला काही शिल्लकच ठेवलं नाही.

तिठ्यावरचे, पुढे काय झालं ते सांगितलं नाहीत.


सातासमुद्रापार | रविवार, सकाळी ९.४०

हेच विचारायला आलो होतो. शब्द राहू दे, स्थळाचं काय झालं?


रंकाळ्याकाठी | रविवार, सकाळी ९.५५

आणि दादांना हा धागा दाखवला का?


तिठ्यावरचा | रविवार, रात्री ९.०५

दाखवला. दादांनी सगळा वाचला, मधे एकदा चष्मा पुसला. म्हणाले, "ती वरमाई म्हणते ते बरोबर आहे. पण मामा पहिल्यापासून गप्पच होते. समोरचा गप्प बसला की मला बोलत सुटायची सवय आहे, तुला माहीत नाही का?" माहीत होतं. चूक माझीच, चुकीचा सूत पाठवला. बायकोला मी 'खडा' आणि 'सूतोवाच' यातला फरक सांगितला, त्यावर ती म्हणाली की या घरात तिने टाकलेले खडे आजवर कुणाला लागलेच नाहीत. अबोला सुटला असं मी समजतो.

आता स्थळाचं. मामांनी तिकडे काय सांगितलं देव जाणे, पण आज दुपारी मुलाच्या आईचा फोन आला. दादांना नाही, थेट माझ्या वहिनीला, म्हणजे पुतणीच्या आईला. पगार, पत्रिका, कार्यालय यातलं एक अक्षर काढलं नाही. एवढंच विचारलं, "मुलीला वाचनाची आवड आहे असं तुमच्या दादांनी सांगितलं. काय वाचते हो ती?"

दादा शपथेवर सांगतात, वाचनाचं ते एक अक्षर बोललेले नाहीत.


दौतटाक | रविवार, रात्री ९.१२

ऋषय ऊचुः!


वरमाई | रविवार, रात्री ९.१८

बाई हुशार आहे. तुमच्या दादांच्या नावावर खपवून तिने आपलं सूतोवाच करून घेतलं. वहिनींना सांगा, पुस्तकांची नावं दोनच सांगायची आणि थांबायचं.


काटेकोर | रविवार, रात्री ९.३०

शीर्षकात अजून ऱ्हस्वच आहे.


तिठ्यावरचा | रविवार, रात्री ९.३४

प्रतिसाद आल्यावर शीर्षक बदलता येत नाही इथे.


काटेकोर | रविवार, रात्री ९.३५

मग नवा धागा काढा.